आठ शाळांचा ट्रेलर

मी ट्रेलर बोलतोय. पुढे जे सांगणार आहे ते अक्षर न अक्षर खरं आहे, माझ्या चारही चाकांची शपथ. आता चारपैकी तीन चाकं मूळची नाहीत, मागाहून बदललेली आहेत, तेव्हा शपथ पावच धरा. गोष्ट मात्र पूर्ण धरा. मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. एकदाच बोललो, तेही एका वळूशी, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून.

माझा जन्म अमेरिकेत, आयोवातल्या एका कारखान्यात झाला. सोळा फूट लांब, सगळा लोखंडाचा, गुरं न्यायचा ट्रेलर. माझ्या पुढच्या टोकाला एक पालथी लोखंडी वाटी आहे. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो. वाटी गोळ्यावर बसली, कडी लागली, दोन्ही साखळ्या अडकवल्या की मी त्या गाडीचा. एवढंच माझं लग्न. माझी वाटी सव्वादोन इंचांहून जरा मोठी आहे. हे माप ध्यानात ठेवा. आमच्याकडच्या शहाण्या माणसांनी ठेवलं नाही, त्याचीच ही कथा.

मला पहिल्यांदा घरी नेलं हॅल्व्हर स्टेनेसने. माँटानाच्या पूर्वेला, ड्राय फोर्क गावाबाहेर त्याचं गुरांचं कुरण होतं. तिकडे शेजारी म्हणजे सात मैलांवरचा माणूस. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाला नमस्कार. हॅल्व्हर तेही बोट अर्धंच उचलायचा. त्याची बायको इडला म्हणायची, "लग्नाच्या वेळी 'हो' म्हणाला होता, तेवढं मला अजून पुरतंय."

हॅल्व्हरचा एक वळू होता, सिनेटर. खायचा खूप आणि कामाच्या वेळी दिसायचा नाही, म्हणून नाव सिनेटर. शेवटच्या फेरीला तो माझ्यात चढला तेव्हा 'आपण जत्रेला चाललोय' असं मीच त्याला सांगितलं. वर उल्लेख केलेलं खोटं ते हेच.

मग हॅल्व्हर थकला. गुरं विकली गेली, एका हिवाळ्यात तोही गेला. मी कोठाराच्या मागे नऊ वर्षं उभा राहिलो. माझ्या फळ्यांमधून गवत उगवलं, छताखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. इडला माझ्या कडेला पायपुसणी वाळत घालायची. एकेकाळी दीड टनाचा वळू नेणाऱ्याला हे दिवस आले. पण कोणीतरी रोज हात लावतंय हेही काही कमी नव्हतं.

त्याच वर्षांत आमच्या भागातल्या शाळांचीही माझ्यासारखीच गत झाली. शाळेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी पोरं वेल्डिंग शिकायची, लाकूडकाम करायची. शिकवणारे म्हातारे झाले, निवृत्त झाले, नवं कोणी एवढ्या लांब येईना. ड्राय फोर्कच्या वर्कशॉपमध्ये आता फुटबॉलची खांद्यावरची कवचं आणि तुटकी बाकं ठेवत. जिथे शिकवणं चालू होतं तिथेही गंमतच. ज्याला जसं येईल तसं तो शिकवायचा. गावातल्या डेल टॉर्गरसन नावाच्या पोराने हट्टाने दोन वर्षं वेल्डिंग शिकून घेतलं. बिलिंग्जच्या कॉलेजात गेला, तर तिथले म्हणाले, "ड्राय फोर्कचं वेल्डिंग म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही. पहिल्यापासून सुरू कर." डेल परत आला आणि बीटचा ट्रक चालवायला लागला. त्याची धाकटी बहीण ब्रिन तेव्हा बारा वर्षांची होती. तिने ते पाहिलं, आणि भावाचे हातमोजे जपून ठेवले.

मग राजधानीहून नोरीन नावाची बाई आली. राज्यातल्या सगळ्या शाळा, कॉलेजं आणि कारखानदार यांना एका टेबलाभोवती बसवायचं काम तिच्याकडे होतं. एका वर्षात तिने गाडीचे दोन टायर झिजवले. ड्राय फोर्कच्या शाळेत तिने आसपासच्या आठ शाळांची सभा घेतली. मी तिथे नव्हतो, पण इडला होती, आणि इडलाने घरी येऊन पायपुसणी झटकताना सगळं मोठ्याने सांगितलं. कोणाला ते विचारू नका. घरात तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

नोरीनचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या राज्यात वेल्डिंगची परीक्षा एकच. ती जो पास होईल त्याला कुठल्याही कॉलेजने मान्यता द्यायची, पहिलं सत्र माफ करायचं. कारखानदारांनी यंत्रं आणि लोखंड द्यायचं, आणि त्यांना कसा माणूस हवा ते शाळांना येऊन सांगायचं. छोट्या शाळांनी मिळून एकच शिक्षक ठेवायचा. अशी चाळीस कलमं होती.

"शिक्षक कोण?" मर्ल ओस्टबीने विचारलं. मर्ल म्हणजे ड्राय फोर्कचा मुख्याध्यापक, फुटबॉलचा प्रशिक्षक आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर. छोट्या शाळेत तिघांचे पगार परवडत नाहीत.

"हार्पर बट गावचे गस लिंडक्विस्ट," नोरीन म्हणाली.

नोरीन बाहेरची, तिला काय माहीत? आमच्या शाळांत पोरं कमी, म्हणून सहा-सहा जणांचा फुटबॉल, तोही अमेरिकी, ज्यात चेंडू हातात घेऊन पळतात आणि तो किती पुढे गेला ते साखळीने मोजतात. सतरा वर्षांपूर्वी ड्राय फोर्क आणि हार्पर बट यांचा अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला ड्राय फोर्कचा चेंडू पुरेसा पुढे गेला की नाही हे मोजायची वेळ आली. मोजायची साखळी गसच्या हातात होती. साखळी ताणली, आणि चेंडू चार बोटं मागे निघाला. ड्राय फोर्क हरलं. तेव्हापासून मर्ल गसशी बोलला नव्हता. रस्त्यात भेटला तर बोट उचलायचा, पण करंगळी.

"त्याने शिकवलेलं माप आमच्या पोरांनी घ्यायचं?" मर्ल म्हणाला. "मग दारं बंदच व्हायची नाहीत."

तेव्हा इडला उठली. सभेसाठी तीच सगळ्यांना चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल वाढत होती, हातात डाव तसाच.

"मर्ल, वासरांना डाग द्यायच्या दिवशी तू दरवर्षी माझ्या कुरणात होतास. गसही होता. तो वासरू पाडायचा, तू डाग द्यायचास. चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही की वासरू कोणत्या गावचं. आता ही पोरं काय वासरांपेक्षा हलकी आहेत? शिक्षक फिरणार तर त्याला वर्कशॉपही फिरतं हवं. हॅल्व्हरचा ट्रेलर उभाच आहे. न्या. आणि चिली संपवा, मी परत घरी नेणार नाही."

असा मी शाळेत गेलो, वयाच्या तेविसाव्या वर्षी.

आठही शाळांनी माझ्यावर हात चालवला. कोणी गांधीलमाश्या काढल्या (त्याचा हात आठ दिवस सुजला होता), कोणी तळाला पत्रा ठोकला, कोणी फटी बुजवल्या, धूर ओढणारा पंखा बसवला. इंजिनावर चालणारं वेल्डिंगचं मशीन एका कारखान्याने दिलं. रंगावरून भांडण झालं, कारण प्रत्येक शाळेला तिच्या फुटबॉलच्या शर्टाचा रंग हवा होता. शेवटी जो कोणाचाच नाही तो राखाडी दिला. वळूंचा वास मात्र गेला नाही. पाऊस पडला की अजून सिनेटरची आठवण येते, आणि पोरं एकमेकांकडे संशयाने बघतात.

एकेका शाळेत एकेक आठवडा असा माझा फेरा सुरू झाला. ड्राय फोर्कमध्ये पहिल्याच दिवशी ब्रिन टॉर्गरसन आत आली. आता सोळा वर्षांची, उंच, हातमोजे भावाचे. गसने विचारलं, "कशासाठी शिकायचंय?"

"मागच्या वेळी आमच्या घरातलं वेल्डिंग कोणी ओळखलं नाही, मिस्टर लिंडक्विस्ट. या वेळी ओळखतात का बघायचंय."

"ओळखतील. तसं लिहून दिलंय त्यांनी."

"लिहिलेलं आम्ही खूप बघितलंय."

गस हसला आणि तिच्या हातात हेल्मेट दिलं. दोन वर्षं ती शिकली. खालून वर जाणारा उभा सांधा, वेल्डिंगमधला नाठाळ घोडा, तो तिने हळूहळू माणसाळवला. बिलिंग्जच्या कॉलेजात तिची जागा ठरली, एका कारखान्याने शिकता शिकता काम द्यायचंही कबूल केलं. अट एकच. राज्याची परीक्षा एप्रिलच्या एका ठरलेल्या शुक्रवारच्या आत पास व्हायची. परीक्षक गुरुवारी दुपारी एक वाजता ड्राय फोर्कला येणार होता. त्यानंतर तो पार पश्चिमेला जाणार, आणि यादी बंद होणार.

त्या गुरुवारी सकाळी मी हार्पर बटला होतो. एरवी गस स्वतः मला ओढून न्यायचा, पण आठवड्यापूर्वीच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी. म्हणून मला न्यायला मर्ल आला. शेजारी ब्रिन बसलेली. सकाळचे तास बुडवून आली होती, पण मुख्याध्यापकच गाडी चालवत असल्यावर गैरहजेरी कोण लावणार?

मर्लने गाडी मागे घेतली. माझी वाटी त्याच्या गोळ्यावर टेकली, आणि मला लगेच कळलं. गोळा दोन इंची. माझ्या वाटीत तो असा हलत होता जसा म्हाताऱ्याच्या तोंडात उसना दात. मी कुरकुरलो. ट्रेलर नेहमीच कुरकुरतात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मर्लने कडी दाबली, घाईत एकच साखळी अडकवली.

गस बाजूला उभा होता. त्याने गोळ्याकडे बघितलं, मर्लकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्याकडे माणसाला त्याच्या देवाबद्दल विचारलेलं चालतं, पण त्याच्या गाडीच्या गोळ्याबद्दल विचारायचं नसतं. आणि मर्लला माप सांगायचं, तेही गसने?

"बसला का नीट?" गसने एवढंच विचारलं.

"चाळीस वर्षं ओढतोय," मर्ल म्हणाला.

नऊ मैल ठीक गेले. मग गुरांनी हद्द ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडव्या टाकलेल्या लोखंडी नळ्या आल्या. मर्ल त्यांच्यावरून जरा जोरात गेला. वाटी उडाली, साखळी तुटली आणि मी मोकळा झालो. उतार होता. मी मर्लच्या गाडीला उजवीकडून मागे टाकलं.

"मिस्टर ओस्टबी," ब्रिन म्हणाली, "तो आपलाच ट्रेलर आहे ना?"

"कुठला?"

"जो आपल्या पुढे चाललाय."

पुढे मी एकटा अकरा मैल धावलो. दोन हरणं माझ्याबरोबर शर्यतीला होती, ती दमून मागे राहिली. वळणावर मी वळलो, एका पुलावर वेग कमी केला, आणि समोरून आलेल्या टपालाच्या गाडीने मला बोट उचलून नमस्कारही केला. शेवटी काटेरी तारेचं कुंपण तोडून एका कुरणात शिरलो आणि चिखलात नाक खुपसून थांबलो. वाटीचा दांडा मुळापाशी तडकला होता.

मर्ल रेंजसाठी टेकडीवर चढून हार्पर बटला फोन करून आला. ब्रिन माझ्या दांड्यापाशी उकिडवी बसली होती. घड्याळात सव्वाअकरा.

"दुसरा ट्रेलर मिळेल," मर्ल म्हणाला.

"कुठे?"

सगळ्या पूर्व भागात मी एकटाच होतो, हे त्यालाही माहीत होतं.

"डेलला तरी 'नाही' ऐकायला कॉलेजपर्यंत जावं लागलं होतं," ब्रिन म्हणाली. "माझं तर कुरणातच उरकलं."

पाऊण तासाने हार्पर बटच्या तीन पोरी आणि एक पोरगा एका जुन्या पिकअपमधून गसला घेऊन आले. खाली उतरून गस सरळ मर्लसमोर जाऊन उभा राहिला.

"मला संशय आला होता. गोळा लहान वाटला. एका डोळ्याने बघत होतो, खात्री नव्हती, पण संशय होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणाला असतास, आला परत मोजायला."

मर्लने जमिनीकडे बघितलं. "म्हणालो असतो," तो म्हणाला.

गसच्या डोळ्याला ठिणगीचा उजेड चालणार नव्हता. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि नुसतं बोलत गेला. तडा घासून उघडा कर. खालून आधार दे. आधी तीन ठिकाणी छोटे टाके, मग सलग. हार्पर बटच्या पोरांनी मला जॅकवर उचलून धरलं, दांड्याला दोन्हीकडून शिकंजे आवळले.

"ड्राय फोर्कवाल्यांना साखळ्या दोन असतात हे शिकवलेलं नाही वाटतं," त्यातली एक म्हणाली.

"शिकवलंय. एक आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. नीट धर," ब्रिन म्हणाली आणि हेल्मेट खाली घेतलं.

माझ्याच पोटातलं मशीन माझंच हाड सांधत होतं. असा अनुभव फार थोड्यांना येतो.

ते चालू असताना रस्त्यावर एक गाडी थांबली. ड्राय फोर्कला जायचा रस्ता तो एकच. उतरला तो परीक्षक आयव्हन प्लेनफेदर, तीस वर्षं पुलांवर वेल्डिंग केलेला क्रो जमातीचा माणूस, बोलायला हॅल्व्हरचा भाऊ शोभावा असा. कुंपणाशी उभा राहून त्याने शेवटपर्यंत पाहिलं. ब्रिनने हेल्मेट वर केलं तेव्हा तो तिला दिसला.

"ही परीक्षा धरता येईल का?" मर्लने विचारलं.

"नाही. परीक्षेच्या पट्ट्या वेगळ्या, ठरलेल्या मापाच्या. सगळ्या राज्यात त्याच." आयव्हनने घड्याळ पाहिलं. "परीक्षा वर्कशॉपमध्ये घ्यावी असा नियम आहे. वर्कशॉप कुठे आहे?"

ब्रिनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग ते इथेच आहे," आयव्हन म्हणाला. "दार लाव, वारा येतोय."

तासाभराने तिने उभा सांधा पुरा केला. तिचा हात एकदाही थरथरला नाही, दगडासारखा स्थिर. आयव्हनने त्यातून दोन पट्ट्या कापल्या, घासल्या आणि माझ्या कोपऱ्यातल्या दाबयंत्रात एकेक करून वाकवल्या. कच्चा सांधा तिथे उघडा पडतो. बाहेर आठ जोडी कान माझ्या पत्र्याला लागले होते. माणसं मात्र सहाच होती, पण कान ताणले की जास्त वाटतात. दोन्ही पट्ट्या इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकल्या, आरशासारख्या स्वच्छ.

आयव्हनने कागदावर सही केली. मग बाहेर येऊन माझ्या दांड्यावरचा तिचा सांधा अंगठ्याने चाचपला.

"इथून पार पश्चिमेला, मिसूलापर्यंत मला जायचंय. तिथल्या परीक्षेला दाबयंत्र नाही. हा ट्रेलर मी माझ्या गाडीमागे नेऊ का? सोमवारी परत आणतो."

साडेचारशे मैल, मधे डोंगर, आणि सगळा भार तिच्या त्या सांध्यावर. ब्रिनला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती पाठ फिरवून हातमोजे काढत बसली. काढायला फार वेळ लागला.

आयव्हन गाडी मागे घेत होता तेव्हा मर्ल म्हणाला, "थांब. गस, जरा गोळा मोज."

गसने खिशातून मोजपट्टी काढली, एका डोळ्याने मोजलं. सव्वादोनहून जरा जास्त.

"नक्की?" मर्लने विचारलं.

"चार बोटं इकडे तिकडे," गस म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकाच गोष्टीला हसले.

पुढच्या राज्यस्तरीय सभेत मर्ल स्वतः उभा राहिला. दोन वर्षं खपून सगळ्यांनी परीक्षा एक केली, पुस्तकं एक केली, गुण एक केले, पण आठ शाळांच्या गाड्यांचा गोळा एक करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. एकेचाळिसावं कलम आलं: सगळ्यांचा गोळा एकाच मापाचा, साखळ्या दोन. चाळीस कलमांना दोन वर्षं लागली. या एकाला अडीच तास लागले, आणि नोरीन सांगते की भांडण सगळ्यात जास्त याच्यावरच झालं.

ब्रिन आता बिलिंग्जला दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने तिला पहिलं सत्र माफ केलं, जसं लिहून दिलं होतं तसं. डेलने बीटचा ट्रक मालकाला परत दिला आणि या हिवाळ्यात माझ्यातच परीक्षेला बसला. गस पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्याच्या जागी कोण, म्हणून मर्ल दर आठवड्याला ब्रिनला फोन करतो. ती म्हणते, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा हो असतं. हॅल्व्हरच्या 'हो'पेक्षा एक अक्षर लांब.

आता कबुली. अकरा मैल मी रचले. रस्त्यापासून कुरणातल्या चिखलापर्यंत साठ पावलं होती. पूल नव्हता, टपालाची गाडी नव्हती. हरणं होती, पण ती चरत होती.

आणि दुसरं. तिचा हात स्थिर होता हे मी सांगितलं, तेही खोटं. सबंध तासभर थरथरत होता. दुसरी पट्टी वाकवली तेव्हा कडेला तिळाएवढी भेग पडली. आयव्हनने मोजपट्टी लावून ती तीनदा मोजली, नियमात बसली. हात अगदीच ऐकेना तेव्हा तिने डावं कोपर माझ्या भिंतीला टेकवलं होतं, त्याच्या आधाराने शेवटचे चार इंच पुरे केले.

तिच्यानंतर आठही शाळांची पोरं तिथेच कोपर टेकवतात. कोणी शिकवलेलं नाही. तिथला राखाडी रंग गेलाय, आतलं लोखंड तळहाताएवढं उघडं पडलंय, घासून घासून गुळगुळीत. या उन्हाळ्यात मला नवा रंग द्यायचं ठरतंय, आणि रंगावरून पुन्हा भांडण लागलंय. लागू दे. कुठलाही द्या. तेवढी जागा सोडा.